काचेच्या पावसाचा निळा ग्रह: त्याचं अधिक्रमण आपल्याकडून पकडता येईल का? (एचडी १८९७३३)

दुर्बिणवाला (अंबाजोगाई)
मंडळी, आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते परत फिरायलंय. निळाशार गोळा, त्यावर पांढरे पट्टे, आणि खाली "या ग्रहावर काचेचा पाऊस पडतो, वारा ताशी ८७०० किलोमीटर, नासाने टिपला फोटो". फोटोबिटो काही नाही, चित्रकाराने काढलेलं चित्र आहे ते. पण ग्रह खरा आहे आणि मला त्यात वेगळाच इंटरेस्ट आहे म्हणून हा धागा काढायलोय.

ताऱ्याचं नाव एचडी १८९७३३, जंबुक तारकासमूहात, ६४.५ प्रकाशवर्षांवर, म्हणजे आज जो उजेड डोळ्यात शिरतो तो साधारण महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराला तिथून निघालेला. नारंगी बटुतारा आहे, सूर्यापेक्षा लहान आणि थंड. त्याच्याभोवती गुरूएवढं धूड २.२ दिवसांत एक चक्कर मारतं. आपल्या सोमवारी सकाळी त्याचं वर्ष सुरू झालं की बुधवारी दुपारी संपलं.

आता मुद्दा. दर चकरेत हा ग्रह ताऱ्याच्या तोंडासमोरून जातो, यालाच अधिक्रमण म्हणतात, आणि ताऱ्याचा उजेड जवळजवळ २.४ टक्क्यांनी उतरतो. या धंद्यात २.४ टक्के म्हणजे लई झाले. तारा ७.७ प्रतीचा, नुसत्या डोळ्याला नाही पण साध्या बायनॉक्युलरमधून दिसतो. माझ्याकडं डीएसएलआर, २०० एमएमची जुनी लेन्स आणि ताऱ्यामागं कॅमेरा फिरवणारा एक ट्रॅकर आहे. ऑक्टोबरात पाऊस उघडला की करून बघायचंय. कोणी आधी केलंय का, आणि यायचंय का कोणाला?

गोदाकाठ (गंगाखेड)
६४ प्रकाशवर्षांवरून रंग कळला म्हणे. आमच्या फाट्यावर समोरून येणारी एसटी धुळीत लाल का निळी कळत नाही राव. तुम्हीच म्हणता फोटो नाही, मग निळा कशावरून? आणि काचेचा पाऊस कोणी मोजला, कोणत्या पर्जन्यमापकात? मला चेष्टा करायची नाही पण अशा पोस्टींनी डोकं उठतं, अर्धं खरं अर्धं ठोकून दिलेलं, आणि कुठलं अर्धं कोणतं ते कोणीच सांगत नाही.

भौतिक_काकू (नांदेड)
गोदाकाठ, प्रश्न अगदी रास्त आहे, उत्तर सविस्तर देते.

निळा रंग कोणी पाहिलेला नाही, तो मोजलेला आहे. २०१३ मध्ये हबल दुर्बिणीने हे केलं. ग्रह ताऱ्याच्या समोरून जातो तसा अर्ध्या चकरेनंतर ताऱ्याच्या मागेही जातो. मागे जाण्याच्या जरा आधी आपल्याला तारा अधिक ग्रहाच्या उजळ बाजूवरून परतलेला प्रकाश, असं दोन्ही मिळून येतं. ग्रह मागे गेला की उरला फक्त तारा. आता हा फरक प्रत्येक रंगात वेगवेगळा मोजायचा. त्यांना असं दिसलं की ग्रह मागे गेल्यावर निळा प्रकाश किंचित कमी झाला, हिरव्यात आणि लालमध्ये तसा फरक सापडला नाही. म्हणजे ग्रह निळा प्रकाश परत फेकत होता आणि बाकीचा गिळत होता. झालं, रंग कळला. आपल्या आकाशाचा निळा नव्हे, गडद, नीळ जास्त पडल्यासारखा. आणि तो पाण्यामुळे नाही बरं का, समुद्र वगैरे काही नाही तिथे, वातावरणातल्या बारीक कणांची आणि सोडियमची करामत आहे.

वाऱ्याचं म्हणाल तर तोही मोजलेला. २०१५ मध्ये वॉरिक विद्यापीठाच्या लोकांनी अधिक्रमणाच्या वेळी ग्रहाच्या दोन कडांवरून गाळून आलेला प्रकाश वेगवेगळा काढला, सोडियम ज्या ठरावीक रंगाचा प्रकाश गिळतो ती काळी रेघ एका कडेला निळ्याकडे सरकलेली, म्हणजे तिथली हवा आपल्याकडे येतेय, आणि दुसऱ्या कडेला उलटी, तांबड्याकडे, त्यावरून सेकंदाला दोन किलोमीटरहून जास्त वारा, ताशी ८७०० तो हाच आकडा.

राहिला पाऊस. पाऊस कोणी पाहिला नाही, तुमचा संशय बरोबर जागी आहे. मात्र २०२४ मध्ये वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत दिवसाच्या बाजूच्या ढगांमध्ये क्वार्ट्झच्या कणांची खूण मिळाली. क्वार्ट्झ म्हणजे आपल्या शेतात नांगराला लागते ती गारगोटीच. ढगात गारगोटीची भुकटी आहे आणि वारा सेकंदाला दोन किलोमीटरहून जास्त आहे, इतकं पुराव्यानिशी. "आडवा काचेचा पाऊस" हे त्या दोन गोष्टी जोडून रंगवलेलं.

गोदाकाठ (गंगाखेड)
हां, असं सांगा की मग. कोणत्या ओळीखाली पुरावा आहे ते कळलं की माझं भांडण नाही.

अकरावी_सायन्स (बीड)
काकू एक शंका, नारंगी बटुतारा म्हणजे तो म्हातारा होऊन लहान झालेला का? श्वेतबटू असतो तसा? आणि दादा तुम्ही २.४ टक्के जास्त म्हणताय ते कसं काय, २.४ तर कमीच आहे की.

भौतिक_काकू (नांदेड)
नाही गं. श्वेतबटू ही मेलेल्या ताऱ्याची राख. नारंगी बटू हा धडधाकट, कामावर असलेला तारा, पोटात हायड्रोजन जाळतोय. आपला सूर्यसुद्धा त्याच हिशोबाने बटूच आहे, पिवळा बटू म्हणतात त्याला. हा के वर्गातला, पृष्ठभाग ५००० केल्विनच्या जरासा वर, सूर्याचा ५८०० च्या आसपास. वस्तुमान सूर्याच्या ८० टक्के आणि व्यास ७८ टक्के. असे तारे इंधन जपून वापरतात त्यामुळे सूर्यापेक्षा कितीतरी जास्त जगतात.

आता तुझा दुसरा प्रश्न, तो माझ्या आवडीचा. ग्रहाने किती उजेड अडवला हे दोन तबकड्यांच्या क्षेत्रफळावरून ठरतं. या ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या ०.१५५ पट आहे, त्याचा वर्ग कर, ०.०२४. आले तुझे २.४ टक्के. हाच हिशोब आपल्या गुरूचा आणि सूर्याचा केला तर जेमतेम एक टक्का येतो, आणि पृथ्वीचा केला तर टक्क्याचा शंभरावा भागसुद्धा नाही. तारा लहान आहे म्हणून ग्रहाची सावली मोठी पडते. सूर्यासारख्या ताऱ्यासमोर हाच ग्रह असता तर अंबाजोगाईच्या गच्चीवरून पकडायची गोष्ट बरीच अवघड झाली असती. शिवाय तारा जवळ म्हणून तेजस्वी, म्हणून हबल, स्पिट्झर, चंद्रा, वेब या सगळ्या अवकाश दुर्बिणी याच्याच मागे लागल्या. २००५ मध्ये फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत फ्रान्स्वा बुशी यांच्या गटाने हा शोधला, तेव्हापासून याला उसंत नाही.

काळी_माती (औसा)
आमी रब्बीला रात्रीची लाईट असली की दारं धरायला जातो, रातभर वर बगायलाच टाइम असतोय, पण ही जंबुक काय आपल्याला म्हाईत न्हाई. कुठं बगायचं ते कोणीतरी शेतकऱ्याला कळंल असं सांगा. आणि दुसरं, एवढा मोटा ग्रह एवढा जवळ असून पडत कामून न्हाई ताऱ्यात?

दुर्बिणवाला (अंबाजोगाई)
काळी_माती भाऊ, जंबुकात एकही ठळक तारा नाही, कोल्हा कुठंच दिसत नाही त्यात. श्रवण ओळखता ना? आणि अभिजित? त्या दोघांच्या आणि हंसाच्या शेपटीच्या मोठ्या त्रिकोणात श्रवणाच्या जरा वर एक बारका बाण आहे, शर म्हणतात त्याला, चार ताऱ्यांचा, खरंच बाणासारखा दिसतो. बाणाच्या टोकापासून सरळ उत्तरेला तीन अंश वर जा, बायनॉक्युलरमध्ये धुरकट ठिपका दिसेल, तो डंबेल तेजोमेघ, एम २७. आणि त्याच्या पूर्वेला चंद्राच्या अर्ध्या रुंदीएवढ्या अंतरावर जो साधासुधा तारा आहे तोच आपला गडी. ऑक्टोबरच्या मध्यात संध्याकाळी सातला बरोबर डोक्यावर असतो, आपल्याकडून अगदी चारेक अंश उत्तरेला. हवेचा थर सगळ्यात पातळ तिथंच. युरोपातल्या लोकांना हे सुख नाही.

रंग बघायचा असेल तर मात्र याच्यात मजा नाही, फार फिका. त्यापेक्षा हंसातला ६१ क्रमांकाचा तारा बघा, तिथं दोन नारंगी बटू जोडीनं आहेत, ११.४ प्रकाशवर्षांवर. बेसेलनं १८३८ मध्ये सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचं अंतर पहिल्यांदा खात्रीनं मोजलं ते याच जोडीचं. छोट्या दुर्बिणीत दोन्ही पेंढ्याच्या रंगाचे दिसतात.

पडत का नाही ते काकू सांगतील.

भौतिक_काकू (नांदेड)
पडतच असतो, पण पडता पडता बाजूला इतक्या वेगाने निघून जातो की तारा चुकतो. सेकंदाला १५० किलोमीटर. संभाजीनगर ते नांदेड दोन सेकंदांत. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरनेच जाते, कारण आपण लांब आहोत. याचं अंतर फक्त ४६-४७ लाख किलोमीटर, चंद्र आपल्यापासून जितका लांब त्याच्या बारा पट, बस्स. तिथून तारा आकाशात १३ अंशांचा दिसेल. हात लांब करून मूठ धरा, ती साधारण १० अंश झाकते, त्याहून मोठा गोळा. बुडतही नाही, उगवतही नाही, कारण इतक्या जवळ ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते असं मानतात, चंद्राची आपल्याकडे असते तशी.

२००७ मध्ये स्पिट्झरने सलग तेहतीस तास बघून या ग्रहाच्या तापमानाचा नकाशा केला, परग्रहाचा असा पहिलाच. दिवसाची बाजू १२१० केल्विनच्या आसपास, रात्रीची ९७०. रात्र इतकी तापलेली कशी, तर वारा उष्णता ओढून नेतो. सगळ्यात तापलेली जागा ताऱ्याच्या बरोबर खाली नाही, पूर्वेला सरकलेली आहे. हे सगळं एका ठिपक्याच्या उजेडातल्या चढउतारावरून काढलं, ग्रह वेगळा दिसलेलाच नाही कोणाला.

औंढेकर (हिंगोली)
काकू आमच्याकडं लायगोचं, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या वेधशाळेचं काम चालूलालंय, कॅबिनेटनं २०२३ ला २६०० कोटी मंजूर केले, चार-चार किलोमीटरचे हात होणार. ते झालं की हा ग्रह त्यात ऐकू येईल का? म्हणजे हिंगोलीवाल्यांना दुर्बीण घ्यायचं कामच नाही 😄

कोथरूडचा_परभणीकर
नाही येणार भाऊ. लायगोला ऐकू येतात सेकंदाला दहा-वीस ते काही हजार वेळा होणारी कंपनं, दोन कृष्णविवरं एकमेकांत घुसताना शेवटच्या क्षणी होतात तशी. हा बाबा सव्वादोन दिवसांत एक फेरी मारतो आणि वजन ते काय, गुरूच्या १.१ पट. लायगोच्या दृष्टीने तो नाहीच. दुर्बीण घ्यावी लागेल.

बाकी मी मागच्या सीझनला पुण्यातून दुसऱ्या एका ताऱ्याचं अधिक्रमण केलंय म्हणून दुर्बिणवाल्या दादांना चार गोष्टी सांगतो.

फोकस मुद्दाम थोडा घालवायचा. तारा टोकदार असला की एक-दोन पिक्सेलवर सगळा उजेड पडतो, ते भरून जातात आणि मोजमाप बोंबलतं. पसरट ठेवला की बऱ्याच पिक्सेलवर वाटला जातो. पण फार पसरवू नका, जंबुक म्हणजे भर आकाशगंगा, शेजारचे तारे अंगावर येतात. फोटो रॉ मध्येच, जेपीजी अजिबात नको, जेपीजीत कॅमेरा स्वतःची अक्कल लावतो. हिरवा चॅनल वेगळा काढून त्यावर मोजा. संध्याकाळी उजेड असतानाच लेन्सवर पांढरा टीशर्ट ताणून फ्लॅट घ्या, म्हणजे नुसत्या एकसारख्या उजेडाचे फोटो, लेन्सवरची धूळ-डाग हिशोबातून काढायला, नंतर आठवण होत नाही.

मुख्य म्हणजे एकट्या ताऱ्याचा उजेड मोजून उपयोग शून्य. हवेत पातळ ढग, धूळ, धूर काहीही आलं तरी अडीच टक्के फरक पडतो. त्याच फ्रेममधले त्याच रंगाचे आणि तेजाचे चार-पाच तारे घ्या, त्यांच्या मानाने आपला किती उतरला ते बघायचं. २०० एमएमला फ्रेम सहा अंशांची येते, तारे हवे तेवढे मिळतील. ॲस्ट्रोइमेजजे नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, सगळं तेच करतं. मोबाइल आणि कॅमेऱ्याचं घड्याळ सेकंदाला जुळवून घ्या.

गोदाकाठ (गंगाखेड)
बरं मला सांगा, हबल आणि वेबनं इतकं मोजून झाल्यावर तुमच्या गच्चीवरच्या आलेखाची कोणाला पडलीय? हौस म्हणून ठीक आहे, पण उपयोग काय?

कोथरूडचा_परभणीकर
हौस हाच उपयोग पुरेसा आहे खरं तर. पण उपयोग आहेही. ग्रहाची चक्कर कितीही बारीक मोजली तरी आकड्यात जराशी चूक राहते, आणि ती प्रत्येक चकरेला साठत जाते. काही वर्षं कोणी बघितलंच नाही तर अधिक्रमण कधी सुरू होणार याचा अंदाज बऱ्याच मिनिटांनी चुकू शकतो. वेबसारख्या दुर्बिणीचा एकेक तास सोन्याचा, चुकीच्या वेळी लावून बसली तर वाया. म्हणून नासाचा एक्झोप्लॅनेट वॉच म्हणून उपक्रम आहे, त्यात हौशी लोकांची निरीक्षणं घेतात आणि वेळा ताज्या ठेवतात. या ताऱ्याचं वेळापत्रक सगळ्यांना पाठ आहे हे कबूल, पण शिकायला यासारखा दुसरा नाही.

भौतिक_काकू (नांदेड)
वेळापत्रकावरून आठवलं. चक्कर २ दिवस ५ तास १५ मिनिटांची. त्यामुळे आज रात्री नऊला झालं तर पुढचं परवा मध्यरात्रीनंतर सव्वादोनला, तोवर तारा मावळलेला, त्याच्या पुढचं सकाळी. नऊ चकरा झाल्या की २० दिवसांना ४७ मिनिटं कमी भरतात, म्हणजे वीस दिवसांनी जवळपास त्याच वेळेला, पाऊण तास आधी. पाच चकरांनीही एक संधी असते, ११ दिवस आणि सव्वादोन तास, पण ती उशिराची. आणि तारा तर रोज चार मिनिटं आधी मावळतो, वीस दिवसांत ऐंशी मिनिटं. म्हणून प्रत्येक वीस दिवसांच्या फेरीत तुमच्या हातातला वेळ अर्ध्या तासाने कमी होत जातो. दिवाळीनंतर बघू म्हणाल तर तारा गेला पश्चिमेला. अधिक्रमण पावणेदोन तासांहून थोडं जास्त चालतं, आधी एक तास आणि नंतर एक तास धरा, चार तास आकाश मोकळं लागेल.

अकरावी_सायन्स (बीड)
काकू हा ग्रह तिथंच तयार झाला का? आमच्या पुस्तकात दगडी ग्रह आत आणि वायूचे बाहेर असं आहे. आणि मी वाचलं की तिथं कुजलेल्या अंड्याचा वास येतो 🤢

भौतिक_काकू (नांदेड)
वासाचं खरं आहे. २०२४ मध्ये वेबच्या वर्णपटात हायड्रोजन सल्फाइड सापडला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाला. पाण्याची वाफ, कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइडही आहेत. मिथेन मात्र मिळाला नाही. वास घ्यायला नाक शिल्लक राहणार नाही ते सोड.

तुझ्या पुस्तकातला नियम आपल्या सूर्यमालेपुरता बरोबर. १९९५ मध्ये मेयर आणि केलोझ यांनी ५१ पेगासी या ताऱ्याजवळ असाच चिकटलेला गुरू शोधला तेव्हा भल्याभल्यांचा विश्वास बसेना, २०१९ मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं. ताऱ्याच्या इतक्या जवळ एवढा वायू गोळा होणं अवघड, म्हणून बहुतेकांचं मत असं की ग्रह लांब, बर्फाळ भागात तयार होतो आणि मग आत येतो. आत येण्याच्या दोन वाटा. एक म्हणजे तारा तान्हा असताना भोवती वायूची चकती असते, तिच्याशी ओढाताण होत सावकाश आत सरकणं. दुसरी धसमुसळी, दुसऱ्या ग्रहाच्या किंवा ताऱ्याच्या धक्क्याने कक्षा लांबट होते, ग्रह ताऱ्याजवळून घासून जातो आणि हळूहळू तिथेच गोल फिरू लागतो. धसमुसळ्या वाटेने आलेले बरेचदा तिरके फिरताना सापडतात, काही तर उलटेसुद्धा. आपला हा मात्र ताऱ्याच्या विषुववृत्ताच्या जवळपास सरळ रेषेत, गोल कक्षेत फिरतोय. म्हणून माझा कल पहिल्या वाटेकडे आहे, पण नुसत्या सरळपणावरून शपथ घेता येत नाही, कारण भरती-ओहोटीच्या ओढीनेही कक्षा कालांतराने सरळ होऊ शकते. त्यात या ताऱ्याला एक लाल बटू जोडीदार आहे, सूर्य-पृथ्वी अंतराच्या दोनशेहून जास्त पट लांब. त्याने कधी काही उपद्व्याप केला की नाही देव जाणे.

एक गंमत सांगते. भारताने २०१९ मध्ये एका ताऱ्याचं आणि त्याच्या ग्रहाचं नाव ठेवलंय. तारा बिभा, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्यावरून, आणि ग्रह सांतमस. तोही असाच ताऱ्याला चिकटलेला वायूचा गोळा, चक्करही सव्वादोन दिवसांच्या आतबाहेर. पण तो समोरून जात नाही, गच्चीवरून काही मिळणार नाही.

काळी_माती (औसा)
मग ह्या ग्रहाचा वायू उडून जात न्हाई का एवढ्या आगीत?

भौतिक_काकू (नांदेड)
जातो! बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. २०१० मध्ये हबलने बघितलं तेव्हा काही निसटताना दिसलं नाही, २०११ मध्ये बघितलं तर सेकंदाला किमान हजार टन वायू निघून चाललेला. त्याच्या काही तास आधी ताऱ्यावर क्ष-किरणांचा मोठा भडका स्विफ्ट उपग्रहाने टिपला होता. भडका आणि गळती यांचा संबंध असावा असं दिसतं. तारा तसा तापट आहे, बारा दिवसांत स्वतःभोवती फिरतो, सूर्याला पंचवीसच्या वर लागतात, त्यामुळे डाग भरपूर. पण ग्रह एवढा जड आहे की सेकंदाला हजार टन गेले तरी अब्जावधी वर्षं काही बिघडत नाही.

दुर्बिणवाले, हे डागांचं तुमच्या कामाचं आहे. ताऱ्याचा उजेड डागांमुळे आपोआप एखाद-दीड टक्का खालीवर होतो, पण तो दिवसांच्या हिशोबाने. चार तासांत आलेखाला थोडा उतार दिसला तर घाबरू नका.

दुर्बिणवाला (अंबाजोगाई)
धागा वर काढायलोय. केलं बरं का, पहिला प्रयत्न.

गच्चीचा नाद सोडला, समोरच्या चौकात हायमास्ट बसवलाय नवीन, गच्चीवर पेपर वाचता येतो रात्री. काळी_माती भाऊंच्या शेतात गेलो. उत्तर बाजू मोकळी पाहिजे होती, आपल्याकडं ध्रुवतारा जेमतेम अठरा-एकोणीस अंश वर, एक लिंब आडवा आला की ट्रॅकर जुळत नाही. तिथं बांधावरून स्वच्छ दिसला. कॅमेरा सरळ वर तोंड करून असल्यामुळं स्क्रीनमध्ये बघायला जमिनीवर उताणं पडावं लागलं, पाठीखाली सोयाबीनचं काड टोचतंय, अंगावर किडे.

सुरुवात झकास. पहिला तासभर आलेखाची रेघ सपाट. मग अंदाज होता त्याच सुमाराला ठिपके खाली यायला लागले. मी काही बोललो नाही, वाटलं धूळ असेल. पण शेजारचे पाचही तारे जागच्या जागी आणि हाच एकटा उतरतोय. भाऊ मागून म्हणले "सर ह्यो एकलाच कामून खाली गेला", मग खात्री झाली.

तळ गाठला, साधारण अडीच टक्क्यांच्या आसपास, ठिपके विखुरलेले आहेत, त्यामुळं दशांशाचं विचारू नका. आणि तिथं गंमत झाली. शेजारच्या शेतात रात्रीची मळणी सुरू केली. बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाची गंजी, भिजायच्या आत करून घ्यायची होती त्यांना, ढग आले होते ना पूर्वेला. धुराळा असा उठला की एम २७ तर सोडाच, श्रवणसुद्धा दिसेना. मळणी थांबली तोवर लेन्सवर दंव, पुसलं तर फोकस हलला. वर येणारी बाजू मिळालीच नाही. उतरलेला दिसला, चढलेला नाही.

कोथरूडचा_परभणीकर
अहो अर्धा मिळाला म्हणजे उतरायची वेळ मिळाली, ती पण कामाची! फाइली पाठवा, मी बघतो. दंवासाठी लेन्सला यूएसबीवर चालणारा हीटर पट्टा मिळतो, तो नसेल तर हात गरम करायच्या पुड्या रबराने बांधा. आणि फोकसच्या रिंगवर चिकटपट्टी लावा आधी.

गोदाकाठ (गंगाखेड)
मला तो आलेख टाका बरं इथं. आणि शेजारच्या पाच ताऱ्यांचे पण टाका. नुसता त्याचा नको.

दुर्बिणवाला (अंबाजोगाई)
टाकतो, सगळे एकाखाली एक टाकतो, रात्री लाईट आली की.

औंढेकर (हिंगोली)
पुढचं कधी? काकूंच्या हिशोबानं वीस दिवसांनी पाऊण तास आधी ना? मी येऊलालो यावेळी. माझ्याकडं ट्रॅक्टरची बॅटरी आहे, लॅपटॉप रातभर चालंल. बीडच्या ताईला पण आणा कोणीतरी, तिच्या घरच्यांना काकूंनी फोन करावा.

भौतिक_काकू (नांदेड)
करते. मीही येईन म्हणते, पण मला खुर्ची लागेल, उताणं पडायचं वय गेलं. आणि यावेळी तारा अंधार पडतानाच कललेला असेल, तेव्हा सहालाच मांडामांड सुरू करा, फ्लॅट विसरू नका.

काळी_माती (औसा)
या समदे. खुर्ची हाय. शेजाऱ्याची मळणी तवर उरकलेली असंल, न्हाई उरकली तर मी बोलतो त्याला. फक्त त्या आठवड्यात आमच्या फीडरला थ्री फेज रात्री हाय, हरभऱ्याला पाणी द्यायचंय, तवा मोटर चालू करायला मी मधी मधी जाईन. कॅमेऱ्याकडं बॅटरी मारायची न्हाई हे ध्यानात हाय. जाकिटं आणा, ओढ्याकडून गार वारा सुटतोय.